अक्षरचर्चा : भविष्यवेधी वळणाच्या ठळक अक्षरांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेली बहुतेक पत्रे एकाच प्रकारच्या अक्षरांविषयी आहेत. विज्ञानकथांची मुखपृष्ठे, अवकाशपटांतील पडदे, गेमिंगची दुकाने आणि महाविद्यालयांतील तंत्रमहोत्सवांचे फलक यांवर दिसणारी रुंद, ठळक, गोलसर कोपऱ्यांची चौकोनी अक्षरे हा त्यांचा विषय आहे. एकसारखे प्रश्न एकत्र करून आणि पत्रे संक्षिप्त करून येथे घेतली आहेत.

प्रश्न : अंतराळावरचा कोणताही चित्रपट पाहिला तरी यानावरची आणि यंत्रांवरची अक्षरे जवळजवळ सारखीच दिसतात. हे वळण कोणी काढले आणि ते भविष्याचे वळण कसे ठरले? (एक वाचक, सांगली)

आपण ज्या वळणाविषयी विचारता, त्याचे मूळ इटलीतील तुरिन शहरात आहे. तेथील नेबिओलो या टाइप ओतणाऱ्या कारखान्याने १९५२ मध्ये मायक्रोग्रामा नावाचा टाइप काढला. अलेस्सांद्रो बुत्ती आणि आल्दो नोव्हारेसे हे त्याचे रचनाकार. त्यात केवळ कॅपिटल अक्षरे होती, स्मॉल अक्षरे नव्हतीच. दहा वर्षांनी, १९६२ मध्ये, नोव्हारेसे यांनी त्याच आराखड्याला स्मॉल अक्षरांची आणि आणखी काही रुंदी-जाडींची जोड देऊन यूरोस्टाइल हे पूर्ण अक्षरकुटुंब सिद्ध केले. त्यातील ‘बोल्ड एक्स्टेंडेड’, म्हणजे ठळक आणि रुंद असा प्रकार आज आपण चित्रपटांत पाहतो.

त्या काळाच्या वस्तू डोळ्यांसमोर आणल्या, म्हणजे हे वळण कोठून आले ते उमगते. दूरचित्रवाणी संचाचा पडदा, विमानाची खिडकी, मोटारीची मागची काच, या सगळ्यांचा आकार कोपरे गोलावलेल्या आयताचा होता, आणि तुरिन तर मोटारींच्याच उद्योगाचे शहर. मायक्रोग्रामातील ‘ओ’ हे अक्षर त्या पडद्याच्या बाह्यरेषेवर बेतल्यासारखे दिसते. याआधीच्या पिढीची भविष्याची कल्पना निराळी होती. पॉल रेनर यांच्या १९२७ च्या फ्यूचुरा टाइपमध्ये शुद्ध वर्तुळ हाच नव्या युगाचा आकार मानला होता. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर जो धातूचा फलक ठेवला, त्यावरची अक्षरे फ्यूचुराचीच आहेत. त्याच्या आदल्याच वर्षी स्टॅन्ली क्युब्रिक यांच्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटात यूरोस्टाइलचे ठळक रुंद वळण दिसले होते. म्हणजे खऱ्या चंद्रावर वर्तुळाचा वंश पोहोचला आणि पडद्यावरच्या अंतराळात चौकोनाचा. पुढच्या कलादिग्दर्शकांनी पडद्यावरचे वळण उचलले, कारण प्रेक्षकाला ते पाहताक्षणी ‘हे उद्याचे जग आहे’ असे कळू लागले होते. या आकारात भविष्य सांगणारे असे मूळचे काही नाही. तो संकेत आहे, आणि पन्नास-साठ वर्षांच्या वापराने तो दृढ झाला आहे. हे लक्षात ठेवले म्हणजे तो कोठे वापरावा याचा निर्णय अधिक मोकळेपणाने घेता येतो.

प्रश्न : मी उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षात आहे. प्रकल्पासाठी असा टाइप काढताना मी आयताचे कोपरे गोल केले आणि रेघ जाड केली. परंतु अक्षरे ओबडधोबड दिसतात आणि ‘ई’ व ‘एस’ तर पार बुजतात. कोठे चुकते? (विद्यार्थिनी, पुणे)

आपण दोन अडचणी सांगितल्या आहेत, आणि दोन्ही या प्रकारच्या टाइपच्या गाभ्याशी आहेत. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पहिली अडचण वळणाची आहे. सरळ रेषेला वर्तुळाचा चतुर्थांश जोडला की भूमितीच्या दृष्टीने कोपरा गोल होतो. परंतु जेथे रेषा संपून कंस सुरू होतो, त्या बिंदूवर वळण एकदम शून्यावरून पूर्णावर जाते आणि मोठ्या आकारात डोळ्याला तेथे गाठ जाणवते. यावर उपाय असा की बाजू पूर्ण सरळ ठेवायची नाही. तिला अगदी किंचित फुगवटा द्यायचा आणि तो कोपऱ्याकडे जाताना हळूहळू वाढवत न्यायचा. गणितात या आकृतीला सुपरएलिप्स म्हणतात. वर्तुळाच्या समीकरणातील २ हा घातांक वाढवत नेला की वर्तुळ चौकोनाकडे सरकू लागते. डॅनिश विचारवंत पीट हाइन यांनी १९५९ मध्ये स्टॉकहोममधील एका चौकासाठी २.५ हा घातांक निवडला आणि ही आकृती लोकांच्या तोंडी झाली. तुरिनच्या रचनाकारांनी तिच्या जवळचे वळण त्याआधीच काढले होते. हा फुगवटा किती नाजूक असतो हे पुढच्या इतिहासावरून कळेल. टाइप संगणकावर येताना यूरोस्टाइलची वळणे बरीच सपाट झाली होती, आणि ती पुन्हा भरून आणण्याचे काम अकिरा कोबायाशी यांना २००८ च्या यूरोस्टाइल नेक्स्टमध्ये करावे लागले. तेव्हा आपण प्रथम ‘ओ’ हे एकच अक्षर घ्यावे, मोठ्या कागदावर हाताने काढावे आणि त्याची बाजू ताठ पट्टीला लावून पाहावी. पट्टी आणि रेघ यांमध्ये मधोमध फट बंद आणि टोकांकडे थोडी उघडी दिसली, तर आपण योग्य वाटेवर आहात.

ठळक अक्षरांत याला आणखी एक पदर असतो. बाहेरच्या कोपऱ्याची त्रिज्या १६० एकक (टाइपच्या आराखड्यात मोजण्याचे लहान माप) आहे आणि रेघेची जाडी १८० एकक आहे असे समजा. आतली कड बाहेरच्या कडेला समांतर काढायची म्हटले तर आतल्या कोपऱ्याला त्रिज्याच उरत नाही आणि तो काटकोनी होतो. म्हणून जाडी वाढली की आतली पोकळी ही स्वतंत्र आकृती म्हणून काढावी लागते. तिची त्रिज्या मापून येत नाही, नजरेने ठरवावी लागते. ओबडधोबडपणा बहुधा येथूनच येतो, कारण संगणकावर ‘ऑफसेट’ची आज्ञा देऊन आतली कड काढण्याचा मोह सगळ्यांनाच होतो.

आता बुजणाऱ्या अक्षरांविषयी. ‘ई’मध्ये तीन आडव्या रेघा आणि त्यांमध्ये दोन फटी असतात. कॅपिटलची उंची ७०० एकक धरली आणि प्रत्येक रेघ १८० एककांची केली, तर रेघांनीच ५४० एकक खाल्ले. उरलेल्या १६० मध्ये दोन फटी म्हणजे प्रत्येकी ८०. दुरून त्या दिसणारच नाहीत. आडव्या रेघा १४० वर आणल्या तर प्रत्येक फट १४० ची होते आणि अक्षर श्वास घेऊ लागते. उभा दंड मात्र १८० चा राहू द्यावा. तसेही आडवी रेघ उभ्या रेघेइतकीच जाड काढली तर डोळ्याला ती अधिक जाड भासते, त्यामुळे तिला थोडे बारीक ठेवणे दोन्ही अंगांनी योग्य ठरते. परंतु या मार्गाने फार दूर जाता येत नाही, कारण उंची ठरलेली असते. मोकळी आहे ती रुंदी. ठळकपणा हवा असेल तर अक्षराने आडवे पसरावे, जाड दंडांमध्ये पोकळीला जागा द्यावी, हा त्यावरचा मार्ग, आणि म्हणूनच या वंशात ‘ठळक’ आणि ‘रुंद’ ही दोन विशेषणे जोडीने नांदतात.

बाकीचे थोडक्यात. वर्तुळाकार ‘ओ’ हा ‘एच’पेक्षा वर-खाली किंचित बाहेर काढावा लागतो. चौकोनी ‘ओ’ची पाठ आणि तळ जवळजवळ सपाट असल्याने येथे ती सूट बरीच कमी लागते. ‘डी’, ‘ओ’ आणि शून्य, तसेच ‘बी’ आणि ८ हे चौकोनी वळणात एकमेकांच्या फार जवळ येतात, म्हणून ‘डी’ आणि ‘बी’चे डावे कोपरे धारदार ठेवावेत. आणि ‘ए’ची आडवी दांडी काढून टाकण्याचा मोह झाला, तर तो कोठे शोभतो हे आधी पाहावे. रिचर्ड डॅन आणि ब्रूस ब्लॅकबर्न यांच्या संस्थेने १९७५ मध्ये नासाची जी सलग रेघेची नाममुद्रा केली, तिच्यातल्या दोन्ही ‘ए’ना दांडी नाही. ती नाममुद्रा १९९२ मध्ये बाजूला ठेवली गेली आणि २०२० मध्ये पुन्हा वापरात आली. तेथे चारच अक्षरे आहेत आणि ती जगाला पाठ आहेत. दहा अक्षरांच्या अनोळखी नावात तोच ‘ए’ वाचकाला अडखळवतो.

प्रश्न : बँकेच्या चेकच्या तळाशी असतात ते विचित्र जाडसर अंक याच घराण्यातले का? (सेवानिवृत्त बँक कर्मचारी, ठाणे)

नाही, ते निराळ्या गरजेतून जन्मले. त्या अंकांना ई-१३बी म्हणतात. ते १९५० च्या दशकात अमेरिकेत चेक यंत्राने वाचता यावेत यासाठी तयार झाले आणि त्यात दहा अंक व चार चिन्हे एवढेच आहेत. शाईत लोहाचा अंश असतो. ती चुंबकीय करून चेक वाचकयंत्राखालून सरकवला जातो आणि प्रत्येक अंकात शाईचे प्रमाण डावीकडून उजवीकडे जसे बदलते तशी विद्युत-लहर उमटते. दोन अंकांच्या लहरी एकसारख्या होऊ नयेत म्हणून कोठे पायाशी तर कोठे खांद्याशी शाईचे जाड ठोकळे ठेवले आहेत. मुंबईच्या कोणत्याही शाखेचा चेक घेऊन तळाच्या नऊ अंकी संकेतांकातले पहिले तीन अंक पाहा. ते ४०० असतील, पुण्याचे ४११. त्या ४ आणि १ मध्ये जाडी कोठे साचली आहे ते बारकाईने न्याहाळण्यासारखे आहे.

पुढे रचनाकारांनी याच ठोकळ्यांची नक्कल करून पूर्ण वर्णमाला काढल्या. इंग्लंडमधील वेस्टमिन्स्टर हा टाइप आणि लेट्रासेट या घासून उमटवायची अक्षरे विकणाऱ्या कंपनीसाठी बॉब न्यूमन यांनी १९७० मध्ये केलेला डेटा ७० ही त्यांतली प्रसिद्ध नावे. माझ्या मते हे टाइप मायक्रोग्रामाच्या मानाने लवकर जुने दिसू लागले. मूळ अंकांतला प्रत्येक ठोकळा काही काम करतो, वर्णमालेत तो केवळ सजावट म्हणून येतो.

प्रश्न : आमच्या छापखान्यात असा फॉन्ट नाही. ग्राहकाने मागितला की आम्ही नेहमीचा ठळक फॉन्ट कोरलड्रॉमध्ये आडवा ताणून देतो. त्यात काही गैर आहे का? (मुद्रक, अहिल्यानगर)

आहे, आणि ते छापल्यावर अधिक उघडे पडते. दीडपट ताणले की उभे दंड दीडपट जाड होतात, आडव्या रेघा मात्र आहेत तेवढ्याच राहतात, आणि गोल कोपरे लंबगोल होतात. देवनागरीत तर काना खांबासारखा सुजतो आणि वरची शिरोरेषा सुतळीएवढी भासते. मोफत उपलब्ध असलेले खरे रुंद फॉन्ट आज पुष्कळ आहेत. मॅट मॅकइनर्नी यांचा ऑर्बिट्रॉन आणि मायक्रोग्रामाच्या धाटणीचा मिक्रोमा हे दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत. ते उतरवून घ्यावेत.

प्रश्न : मराठीत असे वळण शक्य आहे का? आमच्या विज्ञान मंडळाच्या नियतकालिकाचे नाव देवनागरीत आहे आणि रोमन उपशीर्षकाशी ते जुळतच नाही. (शिक्षिका, रत्नागिरी)

शक्य आहे, परंतु रोमनच्या साच्यात देवनागरी बसवून नव्हे. मायक्रोग्रामाचा सारा रुबाब असा की कॅपिटल अक्षरे एका आयतात काठोकाठ बसतात, वर-खाली काही उरत नाही. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार लागतात, खाली उकार आणि काही जोडाक्षरांचा पाय लागतो. त्यामुळे ‘गगन’ किंवा ‘नवल’ हा शब्द सुरेख पट्टी होऊन बसतो, पण ‘दृष्टी’ घेतला की ती पट्टी दोन्हीकडून फुटते. नियतकालिकाचे नाव अजून ठरायचे असेल तर हा विचार नाव ठरवतानाच करावा. ठरलेले असेल तर वरच्या-खालच्या चिन्हांना मूळ अक्षरापेक्षा बारीक रेघ देऊन त्यांची उंची आवरती घ्यावी, आणि रोमन उपशीर्षकाची उंची शिरोरेषेपासून पायापर्यंतच्या उंचीशी जुळवावी, वेलांटीच्या टोकाशी नव्हे. आपली जुळणी बहुधा येथेच बिघडते आहे.

दुसरा प्रश्न कोणती अक्षरे चौकोनी होतात याचा. ब, व, प, ग, न, त यांना दंड असल्याने ती सहज वळतात. ट, ठ, ढ, द, ह, झ आणि विशेषतः ळ यांची ओळखच गोलाईत असते. ळची दोन्ही पोटे चौकोनी केली की ते आडवे पडलेले इंग्रजी आठ दिसू लागते. अशा अक्षरांत एखादा कोपरा इतरांपेक्षा अधिक गोल ठेवण्याची मुभा रचनाकाराने घ्यावी. सगळ्या कोपऱ्यांना एकच त्रिज्या देण्याचा हट्ट येथे अक्षराच्या मुळावर येतो.

शिरोरेषा काढून टाकली की अक्षरे ‘आधुनिक’ दिसतात असा समज आहे, आणि कित्येकदा ती दिसतातही. परंतु घ आणि ध, म आणि भ या जोड्यांत शिरोरेषा सलग आहे की तुटलेली, यावर वाचकाची नजर टेकलेली असते. ती रेघ गेली की सारा भार धच्या आणि भच्या डोक्यावरच्या लहानशा गाठीवर येतो, आणि ठळक वळणात नेमकी तीच गाठ शाईने भरते. ‘धन’चे ‘घन’ आणि ‘भार’चे ‘मार’ होण्यास वेळ लागत नाही. शिरोरेषा गाळायची तर ती गाठ मोठी आणि उघडी काढावी. तशीच काळजी खविषयी. त्याचे दोन भाग पायाशी जोडलेले नसतील तर रुंद वळणात ते र आणि व असे सुटे वाचले जाते.

अक्षरांत अंतर सोडण्याविषयीही सांगतो. रोमनमध्ये भविष्यवेधी शीर्षकांची अक्षरे पुष्कळदा दूरदूर मांडतात. देवनागरीत तसे केले की शिरोरेषेचे तुकडे होतात. देवनागरीत भव्यता हवी तर ती अक्षराच्या रुंदीतून आणावी, अंतरातून नव्हे.

तयार फॉन्ट हवे असतील तर इंडियन टाइप फाउंड्रीचे राजधानी, टेको आणि सरपंच पाहावेत. तिन्ही देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत आहेत, म्हणजे आपली जुळणीची अडचण बरीचशी तेथेच सुटते. राजधानी आणि टेको अरुंद बांध्याचे आहेत, सरपंच अधिक वजनदार होतो. अतिठळक देवनागरीत पोकळी कशी हाताळावी याचा धडा घ्यायचा तर मुंबईच्या एक टाइप या समूहाचा मोदक हा फॉन्ट अभ्यासावा. तो भविष्यवेधी नाही, गुबगुबीत आहे, पण पोकळी केवळ केसाएवढ्या रेघेपर्यंत आणूनही अक्षर वाचनीय कसे राहते ते त्यात दिसते. फॉन्ट कोणताही असो, ल आणि श मराठी वळणाचे आहेत का ते तपासावे. महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श यांचाच वापर सांगितला आहे. काही फॉन्टमध्ये ही रूपे असतात, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ म्हणून नोंदवली तरच ती प्रकट होतात, नाहीतर हिंदी रूपे उमटतात.

आणि केवळ एका नावाचाच प्रश्न असेल, तर फॉन्टच्या मागे लागू नये असे मी आग्रहाने सुचवेन. ते नाव हाताने काढून घ्यावे. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या आणि नियतकालिकांच्या शीर्षकांसाठी अनेक दशके हेच केले. प्रत्येक नावाची अक्षरे त्या नावातच शोधली, आणि वर्तमानपत्रातल्या दोन स्तंभांच्या जाहिरातीतही ती दुरून ओळखू येत. तंत्र आणि विज्ञान हे विषय त्या परंपरेच्या बाहेरचे नाहीत.

प्रश्न : आमच्या विज्ञान प्रदर्शनाच्या फलकांवर सगळा मजकूर याच वळणात ठेवावा अशी विद्यार्थ्यांची इच्छा आहे. कितपत योग्य? परवान्याचे काय? (विज्ञान शिक्षक, नागपूर)

शीर्षक याच वळणात ठेवावे, मजकूर नको. एका शब्दापासून चार-पाच शब्दांपर्यंत ही अक्षरे उत्तम बोलतात. परिच्छेदात त्यांचे आकार एकमेकांसारखे असल्याने नजर घसरते आणि ओळ संपता संपत नाही. वेळ, खोली क्रमांक आणि दूरध्वनी क्रमांकही त्यांत देऊ नयेत, कारण चौकोनी ०, ६, ८ आणि ९ चार पावलांवरून सारखे दिसतात. मजकुरासाठी मुक्तासारखा साधा, मोकळ्या पोकळ्यांचा फॉन्ट घ्यावा. ठळक शीर्षकावर पुन्हा चमक, सावली, धातूचा रंग असे काही चढवू नये. जाड अक्षरात रंगाचे क्षेत्र मुळातच मोठे असते आणि एक सपाट रंग त्याला पुरतो. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे ठेवणार असाल तर जाडी एक पायरी कमी करावी, कारण पांढरे अक्षर आहे त्यापेक्षा फुगलेले दिसते आणि फ्लेक्सवर आतल्या फटी आणखी आकसतात.

परवान्याविषयी एवढेच की यूरोस्टाइल हा विकत घ्यावयाचा फॉन्ट आहे आणि कोणाच्या पेन-ड्राइव्हवरून आलेली प्रत वापरणे योग्य नाही. ऑर्बिट्रॉन, राजधानी, टेको, सरपंच, मोदक आणि मुक्ता हे ओपन फॉन्ट लायसन्सखाली मिळतात. शाळेच्या कामासाठीच नव्हे तर व्यावसायिक छपाईसाठीही ते विनामूल्य वापरता येतात, फक्त फॉन्टची फाइल सुटी विकता येत नाही. फ्लेक्सवाल्याकडे काम देताना शीर्षकाची अक्षरे ‘कर्व्ह’मध्ये, म्हणजे केवळ बाह्यरेषांच्या आकृत्यांत, बदलून फाइल द्यावी, म्हणजे त्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला तरी वळण बदलणार नाही, आणि जोडाक्षरे फुटली आहेत का हे त्या बदललेल्या फाइलवरच एकदा मोठे करून तपासावे.